म्हातारबाचा खोकला

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस काही मनावर घेत नव्हता. चार थेंब टाकायचा, गप्प व्हायचा, पुन्हा चार थेंब टाकायचा. समुद्राकडून गार वारा येत होता. मदिना नावाच्या आमच्या वस्तीत, गल्लीतली तांबडी माती ओली होऊन चाकांना चिकटत होती आणि आमच्या दोघांच्या टपावर पाण्याचे मणी साचले होते. आम्ही दोघं म्हणजे मी आणि ती निळी. एका म्हातारीच्या दारापुढे आम्हाला शेजारी शेजारी उभं केलं होतं. दोघांपैकी एकाला ठेवून घेणार होते आणि दुसऱ्याला आल्या वाटेनं परत धाडणार होते.

मी एक पेट्रोलवर चालणारी जुनी मोटार बोलतोय. गाडी म्हटली की लोक तिला बाईमाणूस धरतात. पण मला इथं सगळे 'आताआ' म्हणतात. आमच्या गा लोकांच्या बोलीत वडीलधाऱ्या पुरुषाला तसं म्हणतात, आपला म्हातारबाच. म्हणून मी म्हाताऱ्यासारखाच बोलेन, सावकाश, आठवेल तसं. मला लिहितावाचता येत नाही. माझ्या मागच्या काचेवर 'घाई कुणाला?' असं रंगवलंय, तेसुद्धा मी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं.

माझा जन्म फार लांबच्या, थंड मुलखातला. तिथल्या कारखान्याचं मला काही आठवत नाही. जन्म कुणाला आठवतो? पहिले मालक आठवतात. एक शांत नवराबायको होते. बाजार, देऊळ आणि लेकीचं घर, एवढंच त्यांचं जग. तिथं हॉर्न वाजवणं म्हणजे समोरच्याला शिवी दिल्यासारखं. त्या दोघांनी आयुष्यात कुणाला शिवी दिली नाही आणि माझा हॉर्नही कधी दाबला नाही. त्यामुळे मला माझा आवाज कसा आहे हेच ठाऊक नव्हतं. हसू नका. आपला आवाज ऐकायची वेळच आली नाही अशी माणसंसुद्धा मी पुढे पुष्कळ पाहिली.

ते दोघं थकले आणि मी विकला गेलो. मग जहाज, मग खारा वारा, मग तेमाचं बंदर, आणि तिथून बोआचे नावाच्या माणसाच्या आवारात. बोआचे जुन्या गाड्या आणून विकायचा. माणूस गोड बोलणारा. चिखलात उभ्या गाडीलाही तो 'आत्ताच न्हाऊन आली बघा' म्हणायचा. त्याच्या आवारात माझ्या शेजारी निळी उभी होती. लांबीला आम्ही सारखे, दोघांना चार दारं, दोघांची डिकी ऐसपैस, दोघं पेट्रोलवाले. पण ती माझ्यापेक्षा पुष्कळ वर्षांनी लहान. दिवे तिरके, चाकं चकचकीत, अंग जमिनीला चिकटलेलं. माझं तोंड चौकोनी आणि मी उंच बसलेला. लोक यायचे, निळीभोवती फेऱ्या मारायचे आणि टेकायला माझा आधार घ्यायचे.

एक दिवस ओडार्टे आला. सडसडीत, कानाजवळचे केस पांढरे झालेले, बोलण्यात हळू. जन्मभर त्यानं दुसऱ्याची टॅक्सी चालवली होती. आता स्वतःची घ्यायची होती. त्याच्याबरोबर त्याचा शेजारी लाम्प्टे होता. हा गाड्या दुरुस्त करणारा, तोंडाचा फटकळ, अंगाला कायम ग्रीसचा वास.

लाम्प्टेनं निळीचं बॉनेट उघडलं आणि आत डोकं घालूनच म्हणाला, "ही घे. डोळे मिटून घे. इंजिन बघ, सुपारीसारखं टणक आहे. आणि त्या म्हाताऱ्याकडे बघूसुद्धा नकोस. त्यात बसलास तर गिऱ्हाईक न बसताच भाडं देईल, दया येऊन."

"मला दोन कामांसाठी गाडी पाहिजे," ओडार्टे म्हणाला. "एक धंदा. आणि दुसरं, आईला तेशीला न्यायचंय."

लाम्प्टेनं डोकं बाहेर काढलं. "तुझी आई तेशीला जाईल? मग मीही चंद्रावर जाऊन येतो."

ही काय गोष्ट आहे ते सांगतो. ओडार्टेची आई आमानुआ लेकाकडे मदिनात राहायची. तिच्या बापाचं घर तेशीत, समुद्राकाठी. तिथं तिची थोरली बहीण कोशी राहायची. वर्षातून एकदा होमोवोचा सण येतो. तेव्हा गा माणूस जिथं असेल तिथून बापाच्या घरी जातो आणि लहानथोर सगळे एका भांड्यात हात घालून जेवतात. आमानुआ कित्येक सण गेली नव्हती. विचारलं की म्हणायची, "माझा खुबा गेलाय रे. गाडीत वाकून बसता येत नाही." खुबा दुखत होता हे खरं. पण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की खुब्याच्या आड दुसरंच दुखणं आहे. त्या दोघींची आई वारल्यावर घरातलं मातीचं मोठं भांडं, सणाला सगळे जेवायचे ते, कोशीनं न विचारता आपल्याकडे ठेवलं. आमानुआ म्हणाली, "एवढंच पाहिजे ना? मग जेव एकटीच त्यात." एवढं बोलून ती घराबाहेर पडली, ती पडलीच.

कोशी आता फार म्हातारी झाली होती. ओडार्टेला तेच खात होतं. 'दोघींतली एक गेली,' तो लाम्प्टेला म्हणाला, 'तर राहिलेली कुणाशी भांडणार?'

म्हणून त्यानं ठरवलं की गाडी आईनंच बसून बघायची. बोआचे हुशार. निळी त्यानं स्वतः चालवत आणली आणि मला ओडार्टेनं. असे आम्ही त्या भिजक्या सकाळी म्हातारीच्या दारात आलो.

सगळी गल्ली गोळा झाली. पण गडबड अशी नाही. ते दिवस शांततेचे होते. सणासाठी मका पेरला की काही आठवडे आमच्याकडे ढोल वाजत नाही, गाणं नाही, मोठ्यानं हाकासुद्धा नाही. देवाला निवांतपणा लागतो आणि मक्यालाही. आमानुआ ह्या बाबतीत फार कडक. तिच्या अंगणात कोंबडा आरवला तरी ती त्याच्याकडे डोळे वटारून बघायची.

लाम्प्टे माझ्या खिडकीतून आत वाकला. "इंजिन पाहिलं, ब्रेक पाहिले, आता घसा बघू म्हाताऱ्याचा," असं म्हणत त्यानं हॉर्नकडे हात नेला. म्हातारीनं बसल्या जागेवरून काठी उगारली.

"हात लाव, मोडून ठेवते! दिवस कोणते, कळत नाही?"

"अगं मावशी, गाडी घ्यायची तर हॉर्न वाजवून बघायला नको?"

"तुझी बायको घरी आणताना किंचाळायला लावून बघितली होतीस?"

गल्ली तोंडावर हात ठेवून हसली. लाम्प्टेची बायको आजेले तर पोट धरून बसली. हॉर्न तसाच राहिला, माझाही आणि निळीचाही. एवढी पारख करणारी माणसं, पण आवाज न ऐकता गाडी घ्यायला निघाली. हे आमच्याकडेच होऊ शकतं.

आधी निळीची पाळी. ओडार्टेनं आईला धरून आणलं. ती वाकली, आणखी वाकली, आणि टपाची कड लागून तिच्या डोक्याचं फडकं खाली पडलं. सीट खोलगट होती. बसली तेव्हा गुडघे हनुवटीपाशी आले.

"बघ," ती खुशीत म्हणाली. "सांगत होते ना? नाही जमत मला. राहू दे आता."

"दुसरी आहे ना, आई."

तिला बाहेर काढायला दोघं लागले. मग ती माझ्याकडे आली ती खोड काढायची तयारी करूनच. मी दार उघडून उभा होतो. माझं मागचं दार मोठं उघडतं आणि सीट खुर्चीच्या उंचीची आहे. तिनं आधी पाठ टेकली, मग एक पाय आत घेतला, मग दुसरा. कुणाला हात लावायची गरजच पडली नाही. ती बसली. सीट दाबून बघितली. टपाकडे बघितलं. दार लावून बघितलं, ते लागलं. उघडून बघितलं, ते उघडलं. तिचा चेहरा पडत चालला होता.

"आत वास येतोय," ती शेवटी म्हणाली.

"कसला?" ओडार्टेनं विचारलं.

"कुणा परक्या बाईचा."

"चार दिवस तू बसलीस की तुझा येईल."

 म्हातारी उतरली नाही. दार उघडं ठेवून गल्लीकडे बघत राहिली. बऱ्याच वर्षांनी तिला गल्ली त्या बाजूनं दिसत असावी. थोड्या वेळानं म्हणाली, "माझं केंके आणि मासळी इथंच आण. आणि मिरची जरा जास्त घाल." ते आंबवलेल्या मक्याचे गोळे ती माझ्यातच बसून जेवली. बोआचेनं ओळखलं आणि निळीचं दार लावून घेतलं.

जेवून हात धुतल्यावर आमानुआ लेकाला म्हणाली, "गाडी चांगली आहे. पण तेशीला मी जाणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"मी काही म्हटलं का?" ओडार्टे म्हणाला.

निळीला लाम्प्टेच्यानं सोडवलं नाही. आठवडा जाण्याआधीच त्यानं ती स्वतःसाठी घेतली. मग आम्ही दोघं पुन्हा शेजारी झालो, कुंपणाच्या अलीकडे पलीकडे.

मला टॅक्सी केलं म्हणजे चारी कोपऱ्यांना पिवळा रंग दिला. मी कामाला लागलो. पुढं शांततेचे दिवस संपले. गावात ढोल वाजले, लोकांनी मोकळ्या गळ्यानं आरोळ्या दिल्या, रस्त्यावर सगळ्या गाड्यांना कंठ फुटला. आमच्याकडे टॅक्सीवाला हॉर्ननं बोलतो. रस्त्याच्या कडेनं कुणी चाललं की एकदा वाजवायचा, म्हणजे 'येता का?' त्यानं बोट दाखवलं की थांबायचं. एक जाडजूड बाई डोक्यावर टमाट्याची पाटी घेऊन चालली होती. ओडार्टेनं जन्मात पहिल्यांदा माझा हॉर्न दाबला.

काय सांगू तुम्हाला! आधी आतून नुसती घरघर आली. मग अडखळत, फाटका, ओला आवाज निघाला, 'खॉक्... ख्र-हॉक्!' एखादा म्हातारा पहाटे उठून छाती मोकळी करतो ना, अगदी तसा. बाई दचकली. पाटी सावरून तिनं वळून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, औषध घ्या हो काहीतरी!"

अशी माझी आणि माझ्या आवाजाची ओळख झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? निळीचा हॉर्न खणखणीत, गल्लीच्या टोकाला वाजला तर बाजारात ऐकू जायचा. टॅक्सीतळावर माझं नाव पडलं ते तेव्हा. मी दिसलो की सगळे छातीवर हात ठेवून खोकायचे. "आताआ आला, आताआ! थुंकदाणी आणा!" लाम्प्टेनं उघडून बघितलं. जहाजावरच्या खाऱ्या हवेनं आतला पत्रा खाल्ला होता. "दुसरा बसवतो," तो म्हणाला. "सण होऊन जाऊ दे. आता मला मरायलाही वेळ नाही."

संध्याकाळी ओडार्टेनं दारात येऊन आईला गंमत म्हणून हॉर्न वाजवून दाखवला. म्हातारी मासळी साफ करत होती. तिचा हात जागच्या जागी थांबला.

"पुन्हा वाजव," ती म्हणाली.

त्यानं वाजवला. ती हसली नाही. खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग पुन्हा मासळीकडे वळली. तेव्हापासून मी गल्लीच्या तोंडाशी खोकलो की ती ओडार्टेसाठी पाणी काढून ठेवायची. शंभर गाड्यांत ओळखेन, म्हणायची.

सण आला. होमोवोच्या दिवशी आमानुआ गेली नाही. ओडार्टेनंही शब्द काढला नाही. पण सणाचा दुसरा दिवस असतो तो रुसवे काढायचा. उजाडताना माणसं एकमेकांच्या दारी जातात, दीर्घायुष्य चिंततात, वर्षभराचं साचलेलं पुसून टाकतात. त्या सकाळी ओडार्टे माझ्यावर फडकं मारायला आला तर म्हातारी माझ्याशेजारी उभी. अंगावर पांढरं वस्त्र, डोक्याला पांढरं फडकं, हातात काठी.

"कुठं निघालीस, आई?"

"कुठं नाही. जरा वारा खाऊन येऊ म्हटलं. समुद्राकडे बरा असतो."

ओडार्टे शहाणा. त्यानं मुकाट दार उघडलं.

तेशीतली ती गल्ली अरुंद. माझे आरसे मिटून आत जावं लागलं. घरासमोर थांबलो. दार अर्धं उघडं होतं, आत चुलीचा धूर. ओडार्टे आत गेला, बाहेर आला.

"मावशी म्हणते, धाकटीनं आत यायचं असतं."

"तिला सांग, माझा खुबा दुखतोय. जिचे पाय धड आहेत तिनं बाहेर यावं."

तो आत गेला, बाहेर आला. "ती म्हणते, पाय धड नसताना मदिनाहून इथवर आलीस, तर चार पावलं जड झाली का?"

"तिला म्हणावं, मी काही तिच्याकडे आले नाही. वारा खायला आले."

"ती म्हणते, मग खा की! समुद्र तिकडे आहे."

शेजारपाजारचे दारादारांत उभे राहून ऐकत होते. असं पुष्कळ चाललं. ओडार्टेचा शर्ट घामानं भिजला. शेवटी आमानुआ म्हणाली, "चल, घरी चल. झालं माझं वारा खाऊन."

तो पुढच्या सीटवर येऊन बसला. किल्ली लावायला हात उठेना. एवढ्या वर्षांचं त्याच्या मनातलं सगळं त्या दारापाशी येऊन अडकलं होतं. त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि त्यावर कपाळ टेकलं. कपाळ नेमकं हॉर्नवर टेकलं.

'खॉक्... ख्र-हॉक्!'

 आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. मग आतून एक थरथरता आवाज आला, "अगं आमानुआ! बाबा आले!"

माझ्या मागच्या सीटवर म्हातारी आधी हुंदका दिल्यासारखी हलली. मला वाटलं रडते. पण ती हसत होती. डोळे पुसत, काठी आपटत हसत होती. त्यांचा बाप होड्यांवरचा माणूस. रात्रभर दर्यावर भिजून सकाळी घरी यायचा आणि दाराशी येऊन आधी खोकायचा. आत पोरींचं कितीही जुंपलेलं असलं तरी तो खोकला ऐकला की दोघी चटकन एकमेकींच्या झिंज्या सोडायच्या आणि शहाण्यासारख्या शेजारी बसायच्या.

"मी नाही गं ओढले तुझे केस!" आमानुआ गाडीतूनच ओरडली.

"मीही नाही!" आतून उत्तर आलं, आणि पाठोपाठ कोशी स्वतःच आली. वाकून अर्धी झालेली, भिंतीला धरून चालणारी. तिनं आधी मला बघितलं, माझं चौकोनी तोंड, पिवळे कोपरे. "हा खोकला का?" तिनं विचारलं. ओडार्टे मान हलवतो न हलवतो तोच ती उघड्या दारातून माझ्या सीटवर धाकटीच्या शेजारी येऊन बसली.

 मग कोशी म्हणाली, "ओडार्टे, आत चुलीमागे भांडं पालथं आहे. धुऊन आण. त्यात क्पोक्पोई घाल, कालचं राहिलंय."

"ते भांडं?" आमानुआनं विचारलं.

"तेच. तू म्हणालीस एकटी जेव. एकटीनं एवढ्या मोठ्या भांड्यात काय जेवायचं? त्या दिवसापासून पालथंच घातलंय."

ओडार्टेनं ते भांडं आणून दोघींच्या मधे ठेवलं. मक्याचं ते सणाचं पिवळं अन्न, वर पामच्या फळांचं लालभडक कालवण आणि मासळी. दोघींनी एकदमच हात घातला. कालवण सीटवर सांडलं. ओडार्टे पुसायला धावला तर दोघी एका आवाजात त्याच्यावर खेकसल्या, "राहू दे!" तो डाग अजून आहे. नवे कपडे घातलेल्या गिऱ्हाइकांनी त्याबद्दल किती कटकट केली, पण ओडार्टेनं ती सीट कधी बदलली नाही.

लाम्प्टे नवा हॉर्न घेऊन आला तेव्हा आमानुआनं पुन्हा काठी उगारली. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

पुढच्या प्रत्येक सणाला मी तेशीला गेलो. कोशी गेली, पण त्याआधी दोघींनी पुष्कळदा पोटभर भांडून घेतलं आणि पोटभर जेवून घेतलं. मग आमानुआही आपल्या वेळेला, आपल्या अंथरुणावर गेली. मी टॅक्सीचं काम सोडलं. पिवळे कोपरे फिकट झाले. आता मी अंगणातल्या कडुनिंबाखाली उभा असतो. इंजिनाचा कण्हण्याचा आवाज येतो, खिडकीची एक काच वर जात नाही, माझ्या सावलीत कोंबड्या निजतात. कुंपणापलीकडे निळी उभी आहे. तिचेही तिरके दिवे धुरकट झालेत. आम्ही दोघंही तसे वाईट नव्हतो. ज्याच्या घरात जे लागतं ते त्याला मिळावं, एवढंच.

ओडार्टे अजून दर सकाळी फडकं मारतो. होमोवोच्या दुसऱ्या दिवशी मला हलकेच तेशीपर्यंत नेतो, आजोबाच्या घरासमोर एकदा खोकायला लावतो आणि आणतो. माझं एवढंच मागणं आहे. मला विकाल तेव्हा विका, मोडीत घालाल तेव्हा घाला, चाकं काढा, काचा काढा. पण आत काही शाबूत आहे तोवर माझा हॉर्न बदलू नका. उशिरा सापडलेला आवाज आहे, आणि तो नुसता माझा नाही.

ह्या वर्षीचीच गोष्ट. सणाची दुसरी सकाळ होती. ओडार्टे तयार व्हायला आत गेला होता. कुंपणापलीकडून निळीचा हॉर्न वाजला, खणखणीत, एकदा, दोनदा, तीनदा. मग लाम्प्टेच्या घरातल्या खिडकीची झडप धाडकन बंद झाली. थोड्या वेळानं लाम्प्टे कुंपणाच्या फटीतून इकडे आला. केस पिकलेले, अंगाला तोच ग्रीसचा वास. इकडं तिकडं बघितलं, अंगणात कुणी नव्हतं. ज्या म्हाताऱ्याकडे बघूसुद्धा नकोस म्हणाला होता, त्याच्या बॉनेटवर त्यानं हात ठेवला आणि हळूच म्हणाला,

"आताआ, एकदा खोक रे बाबा. आमची आजेले कालपासून दार लावून बसलीय."